मोहरीएवढा दात आणि दहावीचा धडा



"आधी डायनासोर होते. ते मेले. मग सस्तन प्राणी आले आणि शेवटी माणूस आला." पाचवीतल्या मुलाला विचारा नाहीतर दहावीतल्या, बहुतेकांच्या डोक्यात हाच क्रम पक्का बसलेला असतो. थोडा सिनेमातून, थोडा खेळण्यांच्या दुकानातून, थोडा गाईडमधल्या बाण काढलेल्या आकृत्यांतून. ऐकायला सोपा आणि फळ्यावर काढायला सोयीचा. अडचण एकच आहे, तो खरा नाही.

खडकांतून मिळालेले पुरावे सांगतात की पहिले सस्तन प्राणी आणि डायनासोर भूगर्भाच्या हिशोबाने जवळजवळ बरोबरीनेच आले. कोट्यवधी वर्षं ते एकाच जमिनीवर राहिले. आणि याचे पुरावे फक्त अमेरिकेत किंवा चीनमध्येच आहेत असं नाही. आपण ज्या दख्खनच्या दगडावर घरं बांधून राहतो, त्याच दगडाच्या थरांमध्येही ते सापडले आहेत. तरीही आपल्या मुलांना टायरॅनोसॉरसचं पूर्ण नाव पाठ असतं आणि दख्खनच्या नावाचा प्राणी मात्र माहीत नसतो.

या लेखात माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. उत्क्रांतीचा धडा आपण आपल्या दगडापासून सुरू करावा. आणि "काय झालं" हे सांगण्याआधी "हे कसं कळलं" हे मुलांना करून दाखवावं.

आधी थोडा हिशोब

एक दोरी घ्या, २०५ सेंटिमीटर लांबीची. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं, असं माप ठरवा. दोरीचं डावं टोक म्हणजे साधारण २० कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा काळ. या सुमाराला मॉर्गन्युकोडॉन नावाचा, आपल्या घरातल्या चिचुंद्रीसारखा दिसणारा एक छोटा जीव होता. त्याचे जीवाश्म ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सापडले आहेत. सस्तन प्राणी म्हणावेत असे किंवा त्यांचे अगदी जवळचे भाऊबंद म्हणावेत असे जे सर्वांत जुने जीव आहेत, त्यांतला हा एक. दोरीचं उजवं टोक म्हणजे आज.

आता डायनासोर कधी संपले ती खूण करा. ६ कोटी ६० लाख वर्षं, म्हणजे उजव्या टोकापासून ६६ सेंटिमीटर. (पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, ते सोडून.) मग उरलेली दोरी मोजायला सांगा. १३९ सेंटिमीटर! म्हणजे सस्तन प्राण्यांच्या एकूण इतिहासाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग डायनासोरांच्या शेजारी राहण्यात गेला. आपल्या जातीचा माणूस साधारण तीन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोरीच्या टोकाचे शेवटचे तीन मिलिमीटर. आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासूनची साडेतीनशे वर्षं? ती दोरीवर भिंगातूनही दिसणार नाहीत.

एवढं पंधरा मिनिटांत होतं. खर्च शून्य. आणि "मग सस्तन प्राणी आले" हे वाक्य मुलं पुन्हा लिहीत नाहीत, कारण दोरी त्यांनी स्वतः मोजलेली असते.

हे सगळेच जीव बिळात दडून बसलेले होते असंही समजू नका. चीनमध्ये साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा रेपेनोमॅमस नावाचा सस्तन प्राणी सापडला. त्याच्या पोटाच्या जागी डायनासोरच्या पिल्लाची हाडं होती. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोण कोणाला खात होतं, याचं उत्तर तेव्हाही एकच नव्हतं.

दख्खनचा लुटारू

आता आपल्याकडे येऊ. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं. ज्यांचं नाव त्या कॉलेजला दिलं ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. धर्मप्रचाराबरोबर त्यांना दगडांचा नाद होता. सोबती रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरजवळच्या टाकळी भागात, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून शंख-शिंपले, फळं-बिया, किड्यांचे अवशेष गोळा केले. १८५५ मध्ये त्यावर निबंधही प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळ कुठून आला, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. दख्खनचा लाव्हा काही एका दिवसात ओतला गेलेला नाही. एक उद्रेक झाला की मध्ये मोठी विश्रांती असायची. त्या काळात थंड झालेल्या दगडावर माती तयार व्हायची, खोलगट भागात पाणी साठून तळी व्हायची, झाडं उगवायची, बेडूक, मासे, कासवं यायची. मग पुढचा उद्रेक व्हायचा आणि हे सगळं झाकलं जायचं. वरळीच्या टेकडीतून मिळालेल्या छोट्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन १८४७ मध्येच लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी केलं होतं. तेही असेच दोन थरांमधल्या गाळातले.

म्हणजे दख्खनच्या या थरांमधून जीवाश्म मिळतात हे तेव्हापासून माहीत होतं. पण सस्तन प्राणी? एकही नाही. हिस्लॉप गेले त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी या दोन भारतीय संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात भारतातल्या त्या काळातल्या पहिल्या सस्तन प्राण्याची बातमी दिली. ठिकाण नस्कल, आजच्या तेलंगणातलं. पुरावा म्हणजे सुटे दात, एकेक दाढ जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या दाण्याएवढी.

त्यांनी प्राण्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. ग्रीक भाषेत लेस्टेस म्हणजे लुटारू. तेव्हा हा झाला दख्खनचा लुटारू, आणि मागचं हिस्लोपी हे अर्थातच नागपूरच्या हिस्लॉप यांच्या आठवणीसाठी. पुढे त्याच ठिकाणच्या घोट्याच्या हाडांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून हा प्राणी झाडांवर चढणारा असावा असं दिसलं. मुलांना हे नाव सांगून बघा. दख्खन, नागपूर आणि लुटारू एकाच नावात आलेले ऐकून ती सावरून बसतात.

पण खरा धडा पुढे आहे. सव्वाशे वर्षं हे दात कुणाला का मिळाले नाहीत? दगड तोच होता. पण हातोडी घेऊन दगड फोडत फिरलं तर मोहरीएवढा दात दिसत नाही. त्यासाठी गाळाची पोतीच्या पोती भरून आणावी लागतात. ती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवावी लागतात, उरलेला कचरा वाळवावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण कुंचल्याने बाजूला सारत बघावा लागतो. ही पद्धत आपल्याकडच्या थरांसाठी चिकाटीने वापरली गेली तेव्हा हा छोटा प्राणी हाती लागला. चाळणीची भोकं जेवढी, तेवढाच इतिहास हाती लागतो.

वाळवंटातल्या कवटीवरची चिठ्ठी

हेच दुसऱ्या टोकाला, मंगोलियाच्या गोबी वाळवंटातही घडलं होतं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम रॉय चॅपमन अँड्रूज यांच्या नेतृत्वाखाली तिथे गेली. त्यांना खरं तर माणसाचे पूर्वज शोधायचे होते. १९२३ मध्ये 'ज्वाळांचे कडे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लालभडक वालुकाश्मात डायनासोरची अंडी मिळाली आणि जगभर गाजावाजा झाला. त्याच वर्षी तिथेच एक छोटी कवटी मिळाली होती. तिच्यावर 'ओळख न पटलेला सरपटणारा प्राणी' अशी चिठ्ठी लावून ती न्यूयॉर्कला रवाना झाली. तिथे दगड कोरून कवटी मोकळी केली तेव्हा कळलं, हा तर डायनासोरांच्या काळातला सस्तन प्राणी! मग मोहिमेला निरोप गेला की अशा आणखी कवट्या शोधा. १९२५ मध्ये त्याच कड्यांखाली मुद्दाम शोधल्यावर आणखी कवट्या मिळाल्याही.

गोबीतले ते थर आजही वाळवंटात आहेत आणि साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वी, ते तयार झाले तेव्हाही तिथे वाळूच्या टेकड्याच होत्या. वाळूची टेकडी ढासळली की खालचा प्राणी जागच्या जागी गाडला जातो. म्हणून तिथे अख्ख्या कवट्या, कधीकधी पूर्ण सांगाडे मिळतात. आपल्याकडच्या तळ्यांच्या गाळात हाडं विखुरली, मोडली, विरघळली आणि मागे राहिले ते मुख्यतः दात, कारण दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण भाग. तेव्हा गोबीत कवटी आणि दख्खनमध्ये दात असा फरक का, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. उत्तर प्राण्यात सापडणार नाही, ते गाडलं जाण्याच्या तऱ्हेत आहे.

पुढे १९६३ ते १९७१ या काळात पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमा याच वाळवंटात गेल्या. त्यांचं नेतृत्व झोफिया किएलान-यावोरोव्स्का या बाईंनी केलं. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा नाझींच्या ताब्यात असताना विद्यापीठ बंद होतं, तेव्हा लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत त्या शिकल्या होत्या. डायनासोरांच्या काळातल्या सस्तन प्राण्यांच्या जगातल्या मोठ्या जाणकारांत पुढे त्यांची गणना झाली. आपल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगा.

पुण्याच्या दगडात मग काय आहे?

वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं, सगळा तोच काळा कातळ. मुलं टेकडीवरून पांढरे चकाकणारे स्फटिक आणतात आणि "सर, जीवाश्म?" म्हणून विचारतात. ते लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर तयार झालेले खनिजांचे स्फटिक असतात. वाघोलीच्या खाणींतली निळी खनिजं तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. वितळलेल्या दगडात हाडं टिकत नाहीत. टिकतात ती मधल्या गाळात. आणि अशा तळ्यांचे थर लाव्ह्याच्या पठाराच्या कडेकडेने जास्त आढळतात. नागपूर-चंद्रपूर, तेलंगण, बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक ही सगळी कडेची ठिकाणं.

तरीही पुणेकर मुलांना दाखवण्यासारखं एक आहे. कात्रजसारख्या घाटात जिथे रस्ता कापलेला आहे, तिथे दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. आधीच्या लाव्ह्याचा वरचा भाग हवा-पाण्याने कुजून माती झाला, तिच्यावर पुढचा लाव्हा आला, त्याची ही खूण. म्हणजे उद्रेकांच्या मधली विश्रांती आपल्याला बसच्या खिडकीतून दिसते. त्या विश्रांतीच्या काळातच कुठेतरी कडेला दख्खनचा लुटारू झाडावर चढत होता. सहलीच्या बसमध्ये गाणी म्हणाच, पण घाटात दोन मिनिटं हा पट्टा दाखवायला काय हरकत आहे?

एक दात किती बोलतो

"सर, एका दातावरून अख्खा प्राणी कसा ओळखतात?" या प्रश्नावर "शास्त्रज्ञांना कळतं" असं उत्तर देऊ नका. मुलांना त्यांच्याच जिभेने स्वतःचे दात चाचपायला सांगा. पुढे पटाशीचे, मग सुळा, मग दाढा. दाढेवर उंचवटे आणि खोलगटे, वरचे खालच्यात बरोबर बसणारे. मगरीचे किंवा पालीचे दात बघितले तर साधारण सारख्या आकाराचे, आणि ते आयुष्यभर पडत-उगवत राहतात. आपले मात्र दोनच संच, दुधाचे आणि कायमचे. दुसरी-तिसरीतल्या मुलांचे तर तेव्हा पडतच असतात! उंचवटे एकमेकांत बसायचे असतील तर दात सतत बदलून चालत नाहीत. म्हणून गाळात मोहरीएवढी, उंचवटे असलेली, दोन मुळांची दाढ मिळाली की जाणकार म्हणतो, हा सस्तन प्राणी.

दातावरून खाणंही कळतं. डेक्कनोलेस्टेसचे टोकदार उंचवटे किडे फोडायला योग्य. याच थरांतला दुसरा प्राणी भारतथेरियम. त्याचे सहा ते साडेआठ मिलिमीटर उंचीचे दात नस्कलप्रमाणे गोकाकलाही मिळाले आहेत. इतके उंच दात आज गवतासारखं दात झिजवणारं खाणं खाणाऱ्या प्राण्यांना असतात. पण तेव्हा गवत होतं का? याचं उत्तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने दिलं. तिथले थर लाव्ह्याच्या आधीचे, 'लमेटा' या नावाने ओळखले जाणारे. त्या थरांतल्या मातीत चुनखडीचे खडे मिळतात, म्हणजे हवामान बरंच कोरडं, कमी पावसाचं होतं. पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी दाखवलं की या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म वाळूसारखे कण आहेत, त्यांत भाताच्या भाऊबंदांचेही. गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं असं तोपर्यंत मानलं जात होतं. विदर्भातल्या शेणाच्या गोळ्याने ते बदललं. गोकाकचा दात आणि पिसदुऱ्याचं शेण एकमेकांना साक्ष देतात, याहून चांगलं तर्काचं उदाहरण मराठी शाळेला कुठून मिळणार?

आणि दात कधी फसवतोही

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मध्य प्रदेशातल्या शहडोल भागातल्या 'टिकी' थरांतून मिळालेल्या एका दाताला २००५ मध्ये टिकिथेरियम असं नाव मिळालं. ते थर वीस कोटी वर्षांहून जुने, त्यामुळे जगातल्या अगदी सुरुवातीच्या सस्तन प्राण्यांच्या नातेवाईकांत त्याची गणना झाली. आणि मग २०२४ मध्ये अव्हेरियानोव्ह आणि व्होयता या दोन रशियन संशोधकांनी तो दात पुन्हा तपासून लिहिलं की हा तर बराच अलीकडच्या काळातल्या चिचुंद्रीचा दात आहे! म्हणजे नंतरच्या गाळातला दात जुन्या थरातल्या नमुन्यात मिसळला असणार.

काही पालक म्हणतील, "बघा, शास्त्रज्ञांचंच ठरत नाही, मग मुलांना कशाला शिकवता?" माझं मत नेमकं उलट आहे. हे शिकवायलाच हवं. दात संग्रहात जपून ठेवलेला होता, त्याचं वर्णन आणि चित्र छापलेलं होतं, म्हणून दुसऱ्या देशातल्या माणसाला तो तपासता आला आणि शंका घेता आली. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला अशी सोय नसते. पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक कळला तर तो त्याला जन्मभर पुरेल.

याच कारणासाठी एक विनंती. पिसदुरा असो, सिरोंचाचं वडधम असो, कुठल्याही जीवाश्मांच्या जागी गेलात तर मुलांना काही उचलू देऊ नका. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, जागा वहीत लिहा. कोणत्या थरातून आला हे माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे तारीख आणि सही नसलेलं पत्र.

वर्गात काय करता येईल

दोरीचा प्रयोग वर सांगितलाच. दुसरा चाळणीचा. एका घमेल्यात कोरडी माती घ्या. त्यात मूठभर शेंगदाणे, थोडी मोहरी आणि चिमूटभर खसखस मिसळा. तीन गट करा. एका गटाला हाताने वेचायला सांगा, दुसऱ्याला गव्हाची चाळण द्या, तिसऱ्याला पिठाची. दहा मिनिटांनी प्रत्येक गटाने सांगायचं, "या मातीत कोणकोणते प्राणी राहत होते?" हाताने वेचणारे म्हणतील, फक्त शेंगदाणे. गव्हाच्या चाळणीतूनही मोहरी खाली गेलेली असेल. पिठाच्या चाळणीवाल्यांना मोहरी मिळेल, आणि खसखशीवरून त्यांची भांडणं होतील. मग विचारा: पहिल्या गटाने "या मातीत मोहरी नव्हतीच" असं पुस्तकात लिहिलं तर ते बरोबर होईल का?

"मिळालं नाही" आणि "नव्हतं" यांतला फरक मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही.

तिसरा मुद्दा वय मोजण्याचा. आपल्या दहावीच्या पुस्तकात जीवाश्मांच्या भागात कार्बन वयमापन आहे. त्यामुळे मुलांचा समज होतो की डायनासोरचं वयही कार्बननेच काढतात. इथे गणिताची मदत घ्या. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. दहा वेळा निम्मं केलं, म्हणजे ५७,३०० वर्षांनी, मुळातल्या कार्बन-१४ चा १,०२४ वा भाग उरतो. म्हणून ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच उपयोगी. साडेसहा कोटी वर्षांसाठी वेगळं घड्याळ लागतं. दख्खनच्या लाव्ह्याचं वय पोटॅशियमपासून तयार होणाऱ्या अरगॉनवरून आणि झिरकॉनच्या बारीक स्फटिकांतल्या युरेनियम-शिशावरून काढलं गेलं आहे. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल जवळजवळ ४४७ कोटी वर्षं. सेकंदकाट्याने वर्ष मोजत नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

तीन आक्षेप

पहिला वेळेचा. "पोर्शन कधी संपवायचा?" आक्षेप खरा आहे. दोरी आणि चाळणी मिळून दोन तासिका जातात. पण आपल्या राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, वर्षाच्या सुरुवातीचा. जूनमध्ये दोन तासिका जास्त दिल्या तर फेब्रुवारीत पाठांतर कमी करावं लागतं.

दुसरा सीबीएसईचा. पुण्यात या शाळा भरपूर, आणि पालकांना कल्पना नसते म्हणून सांगतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातला उत्क्रांतीचा भाग आधी कोविडच्या काळात भार कमी करायला बाजूला ठेवला गेला आणि २०२३ च्या पुस्तकातून वगळलाच गेला. प्रकरणाचं नाव उरलं नुसतं 'आनुवंशिकता'. देशातल्या १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र काढलं. त्यावर "बारावीला आहे की" असं उत्तर मिळालं. आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. कॉमर्सला, आर्ट्सला, इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलामुलींनी मग हे शिकायचं कुठे? आपलं मूल सीबीएसईत असेल तर ही दोरी घरी मोजा. भिंतीला लावायला दोन मीटरहून थोडी जास्त जागा पुरते.

तिसरा आक्षेप कुणी उघड मांडत नाही, पण असतो. उत्क्रांती शिकवताना "आपल्याकडे दशावतारात हे आधीच सांगितलंय, मत्स्य, कूर्म, वराह" असं जोडून देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. दशावतार मुलांना जरूर सांगावेत, कोकणातलं दशावतारी नाटक दाखवावं, त्यात आपली भाषा आणि परंपरा आहे. पण ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला दाताच्या पुराव्याची गरज नाही. तसंच नस्कलच्या दाताला पुराणातल्या दाखल्याची गरज नाही. दोन्ही एकत्र केले की मुलाला वाटतं, जुन्या ग्रंथात आहे म्हणून हे खरं. आणि मग चाळणी हातात घ्यायचं कारणच उरत नाही.

शेवटी

मुलांना डायनासोर आवडतात, ते आवडू देत. पण त्यांच्या पायाशी, झाडांच्या फांद्यांवर, रात्रीच्या अंधारात जे छोटे जीव होते, त्यांच्याच वंशवेलीवर गाय, वाघ, देवमासा आणि आपण आहोत. हे जीव कळले ते कुणीतरी पोतंभर गाळ धुवून, वाळवून, एकेक कण तपासला म्हणून. ते काम आपल्या देशातल्या माणसांनी, आपल्याच दख्खनच्या थरांवर केलं. आपल्या वर्गात वीस वर्षांनी असंच काम करू शकणारी एखादी मुलगी मागच्या बाकावर बसलेली असेल. तिच्यापर्यंत हा धडा "थोडक्यात उत्तरे लिहा" एवढाच पोहोचला तर ते आपल्याला परवडणारं नाही.

येत्या जूनमध्ये धडा सुरू करताना एक दोरी आणि दोन चाळण्या वर्गात घेऊन जा. खसखशीवरून भांडण झालं तर होऊ द्या. मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते मात्र लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा.